जुवारीकाठचे पुराण

गोमंतकातील नद्यांनी केवळ जमीन विभागली असे नाही. काही शतके त्यांनी माणसांचे देव, त्यांचे सणवार आणि त्यांचे ग्रंथही अलीकडे आणि पलीकडे वाटून ठेवले. आम्ही ज्या फोंडे महालात राहतो तो जुना अंत्रुज जुवारीच्या एका तीरावर, तर समोरच्या तीरावर साष्टी. साष्टी महाल १५४३ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. अंत्रुज त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे त्यांच्या सत्तेबाहेर राहिला. या एवढ्या वाक्यात जो इतिहास मावला आहे, तो पाहावयास फार दूर जावे लागत नाही. शिरोड्याच्या श्रीकामाक्षीच्या प्राकारात उभे राहिले तरी पुरे. ही देवी मूळची नदीपलीकडील राय गावची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी तिला नदीपार आणले. मंगेशाची, म्हाळसेची, शांतादुर्गेची कथाही हीच. अंत्रुजातील कितीतरी दैवते अशी परगावाहून आश्रयास आलेली आहेत आणि त्यांचे मूळ गाव भक्तमंडळी अद्याप विसरलेली नाहीत.

याच राय गावाला लागून रायतूर आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव राशोल. ज्या काठावरून आमची देवी निघाली, त्याच काठावर पुढे सुमारे अर्ध्या शतकाने, १६१६ साली, सुमारे अकरा हजार ओव्यांचा एक मराठी ग्रंथ छापून बाहेर पडला. ग्रंथाचा विषय ख्रिस्ताचे आगमन आणि चरित्र. ग्रंथकर्ता इंग्लंडात जन्मलेला जेझुइट पाद्री, फादर टॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकताना ‘ख्रिस्तपुराणा’वर दोन-चार ओळींची टिपणे आपण सर्वांनीच केली आहेत आणि विद्यार्थ्यांना उतरवूनही दिली आहेत. परंतु ते पुराण जेथे छापले गेले, ते स्थळ आपल्या घरापासून तासाभराच्या वाटेवर असूनही तेथे मुद्दाम जाणारा मराठी वाचक विरळा. गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी आम्ही ही यात्रा केली. बरोबर आमच्या शाळेतील दोन सहशिक्षक होते आणि त्यांपैकी एकाची दहावीत शिकणारी कन्या.

बोरकरांच्या कवितेतून साऱ्या मराठी मुलखाला ओळखीची झालेली बोरी मागे टाकून पूल ओलांडला, की साष्टी लागते. नदीच्या दोन्ही अंगांना खाजन शेते पसरलेली. भाताची कापणी नुकतीच उरकली होती आणि रिकाम्या वाफ्यांत बगळ्यांची वस्ती होती. खाऱ्या पाण्याला अडविणारे बांध आणि भरती-ओहोटीप्रमाणे उघडझाप करणारी मानस ही इकडच्या पूर्वजांची अभियांत्रिकी. राज्ये आली आणि गेली, परंतु बांध राखण्याचे काम गावकरीच करीत आले. लोटली, कामुर्ली, राय अशी गावे ओलांडीत आपण रायतूरला पोचतो, तेव्हा प्रथम सामोरी येते ती किल्ल्याची वेस. किल्ल्याचे असे तेवढेच काय ते उरले आहे. जांभ्या दगडाच्या त्या कमानीखालून रस्ता जातो. हा किल्ला आदिलशाहीचा. १५२० साली विजयनगरच्या कृष्णदेवरायाने तो जिंकला आणि पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. एका दक्षिणी राजाने दुसऱ्या राजाला शह देण्यासाठी टाकलेल्या या सोंगटीने पुढे साष्टीचे भवितव्य ठरविले.

कमानीतून आत गेल्यावर टेकडीच्या माथ्यावर पांढरी, भव्य, तटबंदीसारखी इमारत दिसते. हीच रायतूरची सेमिनरी. १६०६ साली तिचा पाया घातला गेला आणि १६१० मध्ये जेझुइटांचे विद्यालय मडगावहून येथे आले. १७५९ साली पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांना हद्दपार केले. त्यानंतर इमारतीचे धनी बदलले, पण काम बदलले नाही. चारशे वर्षांनंतर आजही येथे तरुण मुले धर्मगुरू होण्याचे शिक्षण घेतात. परवानगी आम्ही अगोदर घेतली होती, त्यामुळे एक विद्यार्थी आम्हाला वास्तू दाखविण्यासाठी दाराशी उभाच होता. अशा विद्यार्थ्यांना इकडे ‘ब्रदर’ म्हणतात. विस्तीर्ण चौक, त्याभोवती लांबच लांब सोपे, हातभर जाड भिंती आणि त्या भिंतींतून झिरपणारा गारवा. शाळा चालविणाऱ्या माणसाची नजर आपोआप फळ्याकडे आणि बाकांकडे जाते. एका वर्गाच्या फळ्यावर कोंकणीत काही वाक्ये लिहिलेली होती. ती रोमी लिपीत होती.

छापखाना आता येथे नाही. तो नेमक्या कोणत्या दालनात होता, असे बोट दाखवून सांगावे अशी खूण नाही. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, हे आपण जाणतो. रायतूरला छपाई सुरू झाली ती सतराव्या शतकाच्या आरंभी. स्टीफन्स यांच्या तीन पुस्तकांनी या गावाचे नाव ग्रंथेतिहासात कोरले. पहिले १६१६ चे पुराण. दुसरी कोंकणीतील ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी, १६२२ ची. तिसरे १६४० साली निघालेले कोंकणीचे व्याकरण. एखाद्या आधुनिक भारतीय भाषेचे छापले गेलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. यांपैकी पहिले पुस्तक तेवढे ग्रंथकर्त्याने डोळ्यांनी पाहिले. १६१९ साली त्याचे गोव्यातच देहावसान झाले.

हा पुरुष मराठी ग्रंथकार झाला कसा, हा खरा जाणून घेण्यासारखा विषय आहे. लेखक जन्मतो की घडतो, असा वाद आम्ही वर्गात अनेकदा लावून दिला आहे. स्टीफन्स यांचे उदाहरण या वादाला तिसरीच दिशा देते. हा मनुष्य लेखक व्हावयास निघालाच नव्हता. तो निघाला होता एका हाकेला ओ देण्यासाठी, आणि त्या हाकेने त्याला लेखक करून सोडले.

त्याचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडातील विल्टशर परगण्यातला. त्याच्या तरुणपणी तेथे एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि कॅथलिक उपासनेला कायद्याने बंदी होती. तरुण स्टीफन्स आपला स्नेही टॉमस पाउंड याच्या सेवकाच्या वेषात देशभर वावरला, जेणेकरून दोघांनाही धर्मकार्य लपून-छपून करता यावे. पुढे पाउंड पकडला गेला आणि आयुष्याची कितीतरी वर्षे त्याने तुरुंगात काढली. स्टीफन्स रोमला पोचला, १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाला, आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्याच्या किनाऱ्याला लागला. मायदेशी तो पुन्हा कधीच गेला नाही.

येथे विचारी वाचकाला थबकावे लागते. ज्या तरुणाला स्वतःच्या देशात स्वतःच्या रीतीने देवाचे नाव घेणे अशक्य झाले होते, तो ज्या भूमीत येऊन पोचला, तेथे त्याच्याच धर्मपीठाच्या आणि त्याला आश्रय देणाऱ्या राजसत्तेच्या हुकमाने दुसऱ्यांची देवळे पडत होती, दुसऱ्यांचे ग्रंथ जप्त होत होते. तो येऊन चार वर्षे होतात न होतात, तोच जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी गावी पाच जेझुइट मारले गेले. आणि त्याचा सूड म्हणून गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्या गावकऱ्यांचे स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. मारल्या गेलेल्या पाद्र्यांना त्यांचा धर्म हुतात्मे मानतो. एकाच भूमीत दोन स्मृती शेजारी शेजारी नांदतात. स्टीफन्स यांनी या बळजबरीविरुद्ध आवाज उठविला, असे म्हणता येत नाही. त्यांच्या पुराणात जुन्या दैवतांवर टीकाही आहे. हे सारे डोळ्याआड करून त्यांचा नुसता गौरव करणे आमच्यासारख्या अंत्रुजकराला शक्य नाही आणि उचितही नाही.

परंतु ज्या साष्टीत हे घडले, त्याच साष्टीत पुढची बहुतेक सर्व वर्षे हा मनुष्य गावोगाव हिंडत राहिला आणि तेथल्या लोकांची बोली कान देऊन ऐकत राहिला, हेही तितकेच खरे. त्याच्या लेखनाचा पहिला नमुना म्हणजे गोव्याला पोचल्यावर अवघ्या दोन-अडीच आठवड्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र. समुद्रप्रवासातील वारे, उडणारे मासे, पक्षी, हिरड्या सुजविणारा खलाशांचा रोग, सारे त्यात बारकाईने टिपलेले आहे. डोळा चौकस आहे, परंतु तो बाहेरून पाहणाऱ्या प्रवाशाचा डोळा आहे. चारच वर्षांनी, १५८३ साली, त्याने भावाला जे पत्र लिहिले, त्यात प्रवाशाच्या जागी अभ्यासक आलेला दिसतो. येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिन भाषांशी नाते सांगते, असे त्यात तो म्हणतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयीचे विल्यम जोन्स यांचे सुप्रसिद्ध भाषण १७८६ सालचे. म्हणजे दोनशे वर्षे अगोदर साष्टीच्या खेड्यांत प्रश्नोत्तरी शिकविणाऱ्या एका पाद्र्याच्या कानाने ते नाते ओळखले होते.

या दुसऱ्या पत्रापासून पुराण छापून होईपर्यंत तेहतीस वर्षे गेली. ही तेहतीस वर्षे आम्हाला फार मोलाची वाटतात. तिशीत गोव्याला पोचलेला मनुष्य सदुसष्टीच्या घरात आपला पहिला ग्रंथ प्रसिद्ध करतो. मधल्या काळात त्याने काय केले? मुलांना आणि बायाबापड्यांना धर्मशिक्षण दिले. लोक बोलतात ती कोंकणी शिकला, तिचे नियम कागदावर मांडले. लोक ज्या भाषेत पुराण ऐकतात, कीर्तन ऐकतात, ती ग्रंथांची मराठी वेगळी आहे, हे ओळखून तीही आत्मसात केली. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या रचनेचा ठसा त्याच्या ओवीवर अभ्यासकांना स्पष्ट दिसतो. एकनाथ महाराज १५९९ साली समाधिस्थ झाले. म्हणजे पैठणात नाथांचे भागवत गायिले जात असताना साष्टीत हा परदेशी माणूस ओवीची मात्रा गिरवीत बसला होता. हे कालसाम्य ध्यानात आले म्हणजे मन थक्क होते.

चौकातून हिंडता हिंडता आम्ही त्या तरुण ब्रदरला विचारले, ‘‘या मार्गाला यावे, असे तुम्हाला कसे वाटले?’’ महाराष्ट्रातील ख्रिस्ती बांधव ज्याला ‘पाचारण’ म्हणतात, त्याला कोंकणीत ‘आपोवणें’ असा गोड शब्द आहे. देवाने नाव घेऊन मारलेली हाक. त्याने तोच शब्द वापरला. ‘‘आपोवणें रोकडेंच येता, सर, शिकप मात सोंपना,’’ तो हसून म्हणाला. हाक तर चटकन येते. शिकणे मात्र संपत नाही. आपल्या परीक्षेचा विचार करून तो बोलला असावा. परंतु स्टीफन्स यांच्या तेहतीस वर्षांचा याहून नेमका गोषवारा आम्हाला तरी देता येणार नाही.

पुराणाच्या आरंभीच त्याच्या जन्माची कथा ग्रंथकाराने गुंफली आहे. साष्टीत पाद्री धर्मशिक्षण देत असता नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्याला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे एखादे पुराण का करून देत नाही? आम्ही वाचावे काय, ऐकावे काय? ही विचारणा वाचताना जुवारीच्या दोन्ही काठांचे दुःख एकदम जाणवते. देव नदीपार नेता आले. ओठांवरची ओवी कोठे नेणार? ज्यांचे ग्रंथ गेले, त्यांची ऐकण्याची तहान गेली नव्हती. एका हाताने जे काढून घेतले, ते दुसऱ्या हाताने निराळ्या रूपात परत करण्याचे काम या ग्रंथकाराकडे आले. हे संपूर्ण परतफेड म्हणता येणार नाही. परंतु त्याने मागणी ऐकली. ती मागणी धर्मसिद्धांताची नव्हती, वाङ्मयाची होती, हे त्याला कळले. आणि रूक्ष प्रवचने लिहून देण्याऐवजी त्याने त्या माणसांच्या कानांना ठाऊक असलेला छंद स्वीकारला. त्याचा लेखक म्हणून खरा जन्म आम्हाला येथे दिसतो.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा छत्तीस अवस्वरूंत, म्हणजे अध्यायांत, सांगितली आहे. दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र एकोणसाठ अवस्वरूंत. छंद ग्रंथी ओवीचा: तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. स्वर्गाला वैकुंठ, तारणाला मुक्ती, ईश्वराला परमेश्वर आणि स्वामी, असे आपले शब्द. आणि जेथे ते पुरेनात तेथे क्रूस, पाद्री, इग्रेज असे पोर्तुगीज शब्द ओवीत बेमालूम बसविलेले. प्रस्तावनेत ग्रंथकार स्वच्छ सांगतो, की ग्रंथ मराठीत लिहिला आहे, पण जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आहेत आणि साध्या लोकांना कळावे म्हणून येथील ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत. गोव्यात मराठी आणि कोंकणी यांच्या नात्यावरून जे वाद झाले, त्यांत हा ग्रंथ दोन्ही बाजूंनी साक्षीला ओढला गेला. आम्हाला मात्र वाटते, की ज्याने एका बहिणीचे व्याकरण लिहिले आणि दुसरीच्या गळ्यात ओव्यांची माळ घातली, त्याला दोन्ही घरांनी आपला म्हणावे. मराठीच्या थोरवीविषयी त्याने लिहिलेल्या ओव्या तर शालेय पुस्तकांमुळे अनेकांच्या परिचयाच्या आहेत. रत्ने, फुले, सुगंधी द्रव्ये, पक्षी, वृक्ष यांच्या उपमांची माळच त्याने तेथे लावली आहे. आपल्या भाषेचे असे कौतुक परक्या ओठांनी केले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. त्यापेक्षा, ते करण्यापूर्वी त्याने ती भाषा किती वर्षे ऐकली, याचे स्मरण अधिक उपयोगी.

छापण्याच्या वेळी मोठीच अडचण आली. १६०८ साली त्याने रोमला आपल्या संघप्रमुखांस लिहिले, की येथील लिपीत पुस्तके छापावी अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. पण युरोपीय वर्णमालेला चोवीस साचे पुरतात, तर या लिपीला सुमारे सहाशे लागतात. जोडाक्षरे आणि काना-मात्रा यांनी मुलांना घाम फोडणारी आपली देवनागरी त्या काळच्या मुद्रकालाही जड गेली. ही इच्छा पुरी झाली नाही, आणि मराठी ओवी रोमी अक्षरांत छापली गेली.

हा प्रसंग बरोबरच्या मंडळींना सांगत आम्ही चर्चसमोरच्या कट्ट्यावर बसलो होतो. रायतूरचे हे चर्च साष्टीतील आद्य चर्चांपैकी; त्याला ‘हिमगौरी माते’चे नाव आहे. ज्या गावात कधी गारसुद्धा पडत नसेल, तेथे हिमाची माता, हीही एक गंमतच. पिशवीत साल्ढाना यांच्या आवृत्तीतील काही पानांच्या प्रती होत्या. ती आवृत्तीही रोमी लिपीतच आहे. आम्ही चष्मा सावरून वाचू लागलो; पण मराठी शब्द रोमी अक्षरांत ओळखताना आम्हा तिघाही शिक्षकांची गाडी अडखळत होती. तेव्हा त्या मुलीने पान हाती घेतले आणि घडाघडा वाचले. आम्ही चकित झालो. ती म्हणाली, ‘‘सर, मोबाइलवर आम्ही मराठी अशीच तर लिहितो!’’ चार ओळी वाचून ती थांबली आणि वडिलांकडे वळून म्हणाली, ‘‘बाबा, हे आजी ज्ञानेश्वरी म्हणते ना, त्या चालीवर जातंय.’’ मग तिने त्या चालीवर म्हणून पाहिले, आणि ओवी खरोखरच चालू लागली. अक्षरे परकी होती, पण चाल घरची होती. चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या दोन वृद्ध स्त्रिया बोलायच्या थांबल्या आणि ऐकू लागल्या.

अर्थात, घरची चाल नेहमीच तारून नेते, असे मानून स्वस्थ बसता येत नाही, हेही या ग्रंथाचा पुढील इतिहास शिकवितो. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या सत्तेच्या छत्राखाली हा ग्रंथ छापला गेला, तिनेच त्याच्या भाषेवर असा घाव घातला. तरी ग्रंथ टिकला. गोव्यातून दक्षिणेकडे, मंगळूरच्या बाजूस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते बरोबर नेली, नकला केल्या, वाचून-गाऊन जिवंत ठेवल्या. त्याच हस्तलिखितांवरून जे. एल. साल्ढाना यांनी १९०७ साली मंगळूरला आवृत्ती काढली. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील हस्तलिखित असल्याचे जस्टिन अ‍ॅबट यांनी उजेडात आणले. त्यात पोर्तुगीज आणि लॅटिन शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची. नंतर १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची, आणि २००९ मध्ये नेल्सन फाल्काव यांची गद्य अनुवादासह आवृत्ती आली. छापखान्याने जे जपले नाही, ते घरांनी जपले. आणि ती घरे महाराष्ट्रापासून दूर, कानडी मुलखात होती. या मासिकाच्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावे, अशी आमची विनंती आहे.

स्टीफन्स यांच्या पाठोपाठ एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच पाद्र्याने संत पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. तो १६२९ मध्ये छापला गेला. पुढे मात्र ही धारा आटली. ती निराळ्या रूपाने पुन्हा वाहू लागली एकोणिसाव्या शतकात, आणि तिचाही एक उगम आपल्या शेजारीच आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा निर्देश होतो. विधवांच्या हालांची कैफियत मांडावी, ही त्यांना आलेली हाक होती. कादंबरी हा प्रकार त्या हाकेपाठोपाठ आला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘बायबल’ मिळाले ते १८९३ साली, राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि ते अपुरे असतानाच १९१९ साली त्यांना देवाज्ञा झाली. स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी. ते महाकाव्य पुरे केले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीच्या धर्मांतराने काही वर्षे त्याच्यापासून दुरावलेल्या या बाईंनी स्वतःच्या मनाची वाट स्वतः शोधून मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आणि त्या वाटेवर जे शहाणपण मिळाले, त्यातूनच ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली.

या चौघांची जातकुळी एक आहे. स्वतःचे नाव व्हावे म्हणून यांपैकी कोणी लेखणी उचलली नाही. कोणालातरी काही पोचवायचे होते, आणि ज्याला पोचवायचे त्याच्या कानाला ते रुचले पाहिजे, या ध्यासातून त्यांची भाषा घडली. श्रद्धेने लेखणीला बळ येते, हे खरे. पण श्रद्धा लेखकाला शिकण्यातून सूट देत नाही, उलट अधिक शिकावयास लावते, हे स्टीफन्स यांच्या चाळीस वर्षांचे सार आहे. आमची श्रद्धा वेगळी आहे. आमच्या देव्हाऱ्यात कामाक्षी आहे. तरीही निबंधाच्या वह्या तपासताना ‘तुला हे कोणाला सांगायचे आहे?’ असा शेरा आम्ही अलीकडे मुद्दाम लिहू लागलो आहोत, तो या यात्रेचा प्रसाद.

सरकारी मराठी शाळांची पटसंख्या वर्षागणिक कशी उतरत आहे, हे आम्हा शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार? महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत मुले मराठी बोलतात, पण वाचत नाहीत, ही तक्रार बेळगावहून, इंदूरहून, बडोद्याहून आणि हैदराबादहून सारखीच ऐकू येते. या तक्रारीला एकच उत्तर नाही. परंतु मराठी ओवी रोमी अक्षरांत राहिली, परमुलखात राहिली, बंदीहुकमाखाली राहिली, आणि तरी राहिली. कारण कोणीतरी ती रोज मोठ्याने म्हणत होते. तेव्हा आपल्या गावच्या मराठी ग्रंथालयात ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत आहे का, ते पाहावे. नसल्यास मागवावयास सांगावे. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाल्याची कथा दुसऱ्या पुराणात आहे. तेथून आरंभ केल्यास मुलेही रमतील. मात्र ती मनात वाचू नये. संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरातील सर्वांना बसवून, आजीला ठाऊक असलेल्या चालीवर मोठ्याने म्हणावी. ते पुराण लिहिले गेले ते त्यासाठीच.